सिल्की सिल्व्हर वॅगन आर: बॉनेटवरचे ढग, हवेची नळी आणि ड्रॉप कोट

गॅरेजमध्ये वॅगन आर सिल्व्हर मेटॅलिक रंगवतोय, आणि बॉनेटवरच्या ढगांचं, म्हणजे रंगातल्या गडद डागांचं, मूळ सापडलं. मागच्या नोंदीत सरफेसरला, म्हणजे रंगाआधीच्या भरावाच्या थराला, ८०० नंबरचा पाणी पेपर मारून गाडी बेससाठी तयार होती. त्यानंतर बेसचे, म्हणजे मेटॅलिक रंगाचे, हात (थर) झाले आणि प्रत्येक हातानंतर तेच चित्र. ट्यूबलाइटखाली पत्रा एकसारखा दिसतो, शटर उघडून उन्हाची तिरीप पडली की कडा उजळ आणि मधोमध राखाडी ढग. क्लिअरचा, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचा, बेत तिथेच थांबवला. क्लिअरखाली गेलेला ढग पॉलिशने निघत नाही, उलट क्लिअरचा ओला रंग चढला की तो जास्तच उठून दिसतो.

मेटॅलिकमध्ये रंगाइतकंच काम दाण्याचं असतं. ॲल्युमिनियमची चमकी पत्त्यांसारखी आडवी पडली तर समोरून रंग उजळ दिसतो. कोट ओला पडला की चमकीला हलायला वेळ मिळतो, ती आत बुडते, वेडीवाकडी होते आणि तेवढा भाग गडद दिसतो. म्हणजे एकाच डब्यातला रंग एकाच पत्र्यावर दोन छटा देतो. सॉलिड पांढऱ्यात हा प्रश्न येत नाही. सिल्व्हर मात्र काहीच लपवू देत नाही.

म्हणून ढग दिसले की आधी त्यांचा आकार बघायचा. गनच्या फेऱ्यांना समांतर, ठरावीक अंतराने पट्टे असतील तर ओव्हरलॅप (एका फेरीचं आधीच्या फेरीवर चढणं) कमी पडतोय किंवा फॅनचा, म्हणजे गनमधून निघणाऱ्या फवाऱ्याचा, एक काठ जड आहे. एअर कॅप (गनच्या तोंडावरची टोपी) सोडवून थिनरमध्ये धुवा आणि अर्धी फिरवून पुठ्ठ्यावर पुन्हा मारून बघा. जडपणा कॅपबरोबर फिरला तर दोष कॅपचा, जागेवरच राहिला तर नोझलचा. कुठेही, कसेही डाग असतील तर हात जास्त ओला आहे किंवा थिनर हवामानाच्या मानाने स्लो आहे. कडा उजळ आणि मध्य गडद असेल तर दोन शक्यता उरतात: हाताची कमान किंवा हवेचा दाब.

कमान म्हणजे मनगट वळल्याने गन कडांना लांब आणि मध्यावर जवळ येते. ते तपासायला सोपं आहे. बॉनेटवर १८ सेंमीची काठी धरून कोरडी फेरी मारायची आणि अंतर बघायचं. इथे अंतर ठीक निघालं, म्हणून दाबाकडे वळलो. गनच्या दांड्याला छोटा गेज लावला. ट्रिगर सोडलेला असताना २ बार, ट्रिगर पूर्ण दाबल्यावर जेमतेम १.३. इथेच उत्तर होतं. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला नळीत साठलेला पूर्ण दाब मिळतो आणि थेंब बारीक फुटतात. क्षणभरात दाब पडतो, थेंब जाड होतात, मध्य ओला पडतो. उलट दिशेच्या फेरीतही हीच गोष्ट, म्हणून दोन्ही कडा स्वच्छ आणि मधे ढग.

दाब कॉम्प्रेसरपाशी नाही, वाटेत पडत होता. ६ मिमी आतल्या व्यासाची, १० मीटर लांबीची गुंडाळी नळी आणि तिच्या दोन्ही टोकांना स्वस्तातले क्विक कपलर. टायरमध्ये हवा भरायला हे सगळं चालतं, एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनला नाही. आता १० मिमी आतल्या व्यासाची सरळ रबरी नळी आणि मोठ्या भोकाचे कपलर लावले आहेत. ट्रिगर दाबूनही दाब १.८ वर टिकतो. महागडी गन घ्यायच्या आधी नळी आणि कपलर बदला, हे माझं ठाम मत आहे. गनच्या किमतीच्या मानाने नळी स्वस्त पडते आणि फरक थेट पत्र्यावर दिसतो. आणि दाब नेहमी ट्रिगर दाबूनच लावायचा. बंद ट्रिगरवर वाचलेल्या आकड्याचा पेंटिंगला उपयोग नाही.

छोट्या कॉम्प्रेसरचा हिशेबही मांडून ठेवा. एचव्हीएलपी गन साधारण १० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट), म्हणजे मिनिटाला २८० लिटरच्या आसपास हवा खाते. २ एचपीचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात १५० लिटर देत असेल तर मिनिटाला १३० लिटरची तूट येते. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ३ बारवर येईपर्यंत २५० लिटर मोकळी हवा देते. म्हणजे सलग ट्रिगर जेमतेम दोन मिनिटं. बॉनेटचा एक हात त्यात बसतो, पण टाकी भरून मोटर आपोआप बंद झाल्याशिवाय पुढचा हात सुरू करायचा नाही. छत करणार असाल तर एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गनचा विचार करा. ती निम्म्याहून कमी हवेत चालते, फक्त हात थोडा संथ ठेवावा लागतो.

आता दुरुस्ती. बेस अजून ताजा असेल, क्लिअर पडला नसेल, तर पेपर लावायची गरज नाही. रंग पूर्ण मॅट होऊ द्यायचा. उन्हाळ्यात १० ते १५ मिनिटं पुरतात. मग १.३ मिमीच्या टिपेने, १८ सेंमीवरून, ७० टक्के ओव्हरलॅपने एक मध्यम हात. या हाताचा उद्देश रंग झाकणं नाही, सगळीकडे सारखी ओल देणं हा आहे. तो अर्धवट मॅट झाला, म्हणजे चकाकी गेली पण बोट लावलं तर अजून चिकटेल अशा अवस्थेत ड्रॉप कोट, म्हणजे लांबून मारलेला हलका शेवटचा हात. दाब १.२ बारवर आणायचा, रंगाचा स्क्रू अर्धा फेरा आत, गन ३० सेंमीवर, हात झपाट्याने. आधी आडवा आणि लगेच उभा. थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत बरंचसं थिनर उडालेलं असतं, त्यामुळे चमकी पडते तिथेच बसते आणि खालचे ढग झाकले जातात. मात्र ड्रॉप कोट फार कोरडा झाला तर हाताला वाळूसारखा लागतो आणि क्लिअर नीट धरत नाही. तळहात हलका फिरवून बघा, पिठासारखी धूळ निघाली तर गन ५ सेंमी जवळ आणा.

कपमधला रंग प्रत्येक हाताआधी हलवायचा. चमकी तळाशी बसते आणि शेवटचा पाव कप जड दाण्याचा निघतो. सगळ्या पॅनलचा बेस एकदम मिसळून १९० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून ठेवणं उत्तम. या रंगाचा झेड-टू-एस कोड सांगूनही दोन वेळच्या मिक्सिंगमध्ये दाणा थोडा बदलू शकतो. बॉनेटला तयार मिश्रण साधारण अर्धा लिटर धरा. बेस थिनरचं प्रमाण डब्याच्या डेटा शीटप्रमाणेच ठेवा. अंदाजाने घातलेलं जास्तीचं थिनर म्हणजे नव्या ढगांना आमंत्रण.

बेसमध्ये ओघळ आला तर ओला असताना पुसू नका. पूर्ण सुकू द्या, ब्लॉकवर ८०० पेपर लावून सपाट करा आणि त्यावर पुन्हा बेस मारा. पेपर लागलेल्या मेटॅलिकवर थेट क्लिअर मारला तर चमकी कापलेली दिसते, तिथे काळपट चरे उमटतात. धुळीच्या कणालाही हाच नियम: १००० पेपर, टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट कापड), बेसचा हलका हात, मग ड्रॉप कोट. फिश आय (ओल्या रंगात पडणारे गोल खड्डे) उठले तर बहुतेक वेळा सिलिकॉन किंवा तेल असतं. टायर शाइन, डॅशबोर्ड स्प्रे त्या जागेत वापरायचेच नाहीत. पत्रा दोन कापडांनी पुसा: एकाने वॅक्स रिमूव्हर लावायचा, दुसऱ्या कोरड्या कापडाने तो उडायच्या आत टिपायचा. एकाच कापडाने पुसलं तर तेल फक्त इकडून तिकडे सरकतं.

क्लिअर पडल्यानंतर ढग दिसले तर मार्ग लांबचा. क्लिअर पूर्ण वाळल्यावर ८०० पाणी पेपरने सगळं पॅनल मॅट करायचं आणि बेसपासून पुन्हा. मधल्या डागावर स्पॉट मारायचा मोह होतो, पण सिल्व्हरमध्ये तो वर्तुळ होऊन दिसतो. फक्त खालच्या कोपऱ्यात, बॉडी लाइनच्या आड असेल तर ब्लेंड, म्हणजे रंग कडेला विरवत नेणं, चालेल.

ब्लेंडवरून नवी कल्पना सुचली आहे. दारांना बेसच्या कडेला दाणा उडालेला दिसू नये म्हणून आधी त्याच सिस्टिमचा, म्हणजे त्याच कंपनीच्या रंगमालिकेतला, बिनरंगी बेस, ज्याला दुकानात बाइंडर म्हणतात, त्याचा ओलसर हात द्यायचा आणि त्यावर बेस विरवत न्यायचा. चमकी कोरड्या पत्र्यावर पडून उभी राहण्याऐवजी त्या ओलीत आडवी बसते. आधी जुन्या फेंडरवर करून बघणार. ओलीचा हाच विचार करून पुढच्या आठवड्याचा बेतही बदलतोय: पुढचा बंपर आडवा टेबलावर करायचा ठरलं होतं, तो आता स्टँडवर उभा, गाडीवर असतो त्याच कलात होईल. आडव्या पॅनलवर ओल जास्त वेळ टिकते, दाणा वेगळा बसतो आणि बंपर-फेंडरच्या जोडावर छटा फुटते. बेस तोच असला तरी.

बॉनेटला आता एकसारखा दाणा आहे. एलईडी टॉर्च तिरपी धरून, उन्हात आणि सावलीत, तिन्ही ठिकाणी बघितलं. मधला भाग आणि कडा यांत फरक दिसत नाही. टॉर्च कडेने जवळजवळ समांतर धरली की ॲल्युमिनियमचे ठिपके सारख्या अंतराने लुकलुकतात, एकाही ठिकाणी झुंबड नाही. या कामात सगळ्यात मोठं समाधान तिथे आहे.

क्लिअर टू-के (दोन भागांचा, हार्डनर मिसळायचा) आहे, म्हणजे हार्डनरमध्ये आयसोसायनेट, श्वासाला घातक रसायन. कापडी मास्कचा इथे काहीही उपयोग नाही. बाहेरून हवा देणारा मास्क सगळ्यात सुरक्षित. तो नसेल तर ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिज आणि पार्टिकल फिल्टर दोन्ही असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क ही कमीत कमी गरज. आयसोसायनेटला वासाने ओळखता येत नाही आणि एकदा दमा जडला की पुढे थोड्या मात्रेनेही त्रास होतो. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि घरातल्या कुणालाही त्या दिवशी गॅरेजकडे फिरकू द्यायचं नाही.

पाऊस तोंडावर आहे, म्हणून बॉनेटच्या क्लिअरची घाई करावी लागेल. बेस पडून २४ तास उलटले तर बहुतेक सिस्टिममध्ये हलका स्कफ (पृष्ठभाग घासून खरखरीत करणं) आणि बेसचा आणखी एक हात लागतो. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली तर फास्ट थिनर अजिबात नको, पत्रा थंड होऊन त्यावर दव बसतं आणि रंग पांढुरका पडतो. टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढायचं, गनजवळच्या फिल्टरचं भांडं रिकामं करायचं, आणि हायग्रोमीटर ७० च्या खाली दिसला तर उद्या सकाळी क्लिअरचे दोन हात: पहिला हलका, १० मिनिटांनी दुसरा पूर्ण ओला. नाहीतर बॉनेट झाकून बंपरचं प्लास्टिक प्रायमर आधी.