उभ्या खांबाला छिन्नी

स्टोनहेंज पाहून आम्ही विंचेस्टरला पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि पाऊस लागला होता. सत्तावीस जणांचा ग्रुप, बहुतेकांना चहाची ओढ. तिथल्या कॅथेड्रलसाठी, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चसाठी, माझ्याकडे जेमतेम तास होता.

आधी सगळ्यांना उत्तरेकडच्या बाजूच्या दालनात नेलं. १०७९ साली सुरू झालेलं नॉर्मन बांधकाम तिथं अजून दिसतं, जाडजूड खांब आणि अर्धगोल कमानी. मग मुख्य दालनात आलो. इथले खांब सडसडीत दिसतात, नजर थेट छतापर्यंत चढते. हे रूप देणाऱ्या बिशप विल्यम ऑफ विकमची गोष्ट मी नेहमीसारखी सुरू केली: दोनदा इंग्लंडचा चान्सलर म्हणजे राजाचा बडा मंत्री, ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचा संस्थापक...

साताऱ्याकडचे एक आजोबा मागेच थांबले होते. घराण्याचा धंदा पाथरवटाचा. खांबावर हात ठेवून म्हणाले, "ताई, हे पाडून नवे नाही बांधलेले. घेर मघाच्या खांबांसारखाच दांडगा आहे. जुन्यालाच तासलंय."

अगदी बरोबर होतं. विल्यम विन्फर्ड या मुख्य गवंड्यानं कितीतरी खांबांचे दगड जागच्या जागी नव्या घाटात घडवले होते.

"उभ्यानं? वर एवढा भार असताना?"

"उभ्यानं."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग करवून घेणाराही बांधकामातला असणार."

इतकी वर्षं मी ही गोष्ट उलट्या टोकानं सांगत होते! विकम साध्या घरातला, १३२४ साली जन्मलेला. १३५६ मध्ये तो विंडसरच्या किल्ल्यावर राजाच्या बांधकामाचा कारभारी होता. धर्मगुरूची दीक्षा १३६२ची, आणि बिशप नि चान्सलर झाला तो १३६७ मध्ये. १३७६ला त्याच्यावर आरोप होऊन बिशपपदाची मिळकत जप्त झाली, पुढच्या वर्षी परत मिळाली. नंतर त्यानं गरीब मुलांसाठी ऑक्सफर्डचं कॉलेज आणि इथली शाळा काढली, दोन्हीकडे सत्तर-सत्तर विद्यार्थी. या दालनाचं काम हाती घेतलं तेव्हा तो सत्तरीत होता.

खांबांमध्येच त्याची समाधी आहे. पायाशी हात जोडलेल्या तीन छोट्या मूर्ती. आजोबांनी टोपी काढून नमस्कार केला.

"आणि छिन्नीवाला?"

विकमनं काढलेल्या शाळेच्या चॅपलमध्ये रंगीत काचेच्या खिडकीत बिशपच्या कारागिरांची चित्रं आहेत, त्यात विन्फर्डही आहे. बाकीचे चहाला गेले. आम्ही दोघं पावसातून शाळेपर्यंत चाललो. आत जायची वेळ संपली होती. आजोबांनी बाहेरच्या भिंतीवरून हात फिरवला, सांधे बघितले, आणि मगच बसकडे वळले.