तुम्ही विचारलंत म्हणून: आईबाबांना घेऊन कुठं जाऊ?

वर्ध्याकडचा आहे म्हटलं की पुण्या-मुंबईचे नातेवाईक काय, जुने ऑफिसातले लोक काय, सगळे फिरून फिरून एकच विचारतात, की आईबाबा सोबत आहेत, गुडघे दुखतात, सेवाग्राम झालंय, आता अर्ध्या दिवसात आरामात चालत बघता येईल असं काही जुनं आहे का तुमच्याकडे? आहे ना बाप्पा. पवनार. वर्ध्याहून नागपूर रोडनं आठ-दहा किलोमीटर, धाम नदीच्या काठी.

यावर समोरून हमखास उत्तर येतं, "अहो ते तर बघितलं." काय बघितलं तर नदीतले खडक, गांधीजींची स्मारक-छत्री, चार सेल्फी, विनोबांच्या आश्रमात पंधरा मिनिटं, झालं. गावात कोणी गेलेलंच नसतं.

खरं सांगायचं तर मी पण वर्षानुवर्षं हेच करून राहिलो होतो. एकदा आईला घेऊन गेलो, ती आश्रमातल्या जुन्या दगडी मूर्त्यांसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या इथं आणल्या कुठून रे?" आणि मला कळलं की आपल्याला धड सांगता येत नाही. मग वाचलं, लोकांना विचारलं. तर त्या कुठून आणल्याच नाहीत, इथल्याच मातीतून निघाल्या. १९३८ साली विनोबांची तब्येत पार ढासळली होती, वजन ८८ पौंड म्हणजे चाळीस किलोच्या आसपास, गांधीजींनी हवापालट करायला सांगितलं आणि ते जमनालाल बजाजांच्या इथल्या रिकाम्या बंगल्यात राहायला आले. वर्ध्याकडून येताना धामच्या पुलावर त्यांनी "संन्यस्तं मया" म्हणून सगळी कामं, काळज्या मनातून सोडून दिल्या. धामच्या पलीकडे म्हणून जागेचं नाव परंधाम. औषध काय, तर शेतात कुदळ मारायची, आधी थोडा वेळ, मग रोज वाढवत. त्या खोदण्यात मूर्त्या निघायला लागल्या. त्यातली एक राम-भरत भेटीची, आणि गंमत अशी की १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी नेमकं म्हटलं होतं की राम-भरत भेटीचं चित्र कोणी काढलं तर किती छान होईल. सहा वर्षांनी इथं आले आणि तीच भेट दगडात सापडली! मी तसा देवभोळा नाही, पण हे सांगताना माझा आवाज थोडा बदलतोच.

म्हणून आता कोणी पाहुणे आले की आधी आश्रम नाही, आधी गाव. गाव उंचवट्यावर आहे, आणि तो उंचवटा नुसती टेकडी नाही, पांढर आहे. आपल्याकडे शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहतात, मातीची घरं पडतात, त्यावर नवी उठतात, राख, शेण, खापरं सगळं थरावर थर साचत जातं आणि जमीनच वर येते. १९६७ ला नागपूर विद्यापीठानं इथं उत्खनन केलं. म्हणून गल्लीतून वर चढताना सासऱ्यांना नाहीतर आत्याला सांगायचं, की हा चढ देवानं नाही, लोकांनी राहून राहून केलाय. गुडघे दुखणारेसुद्धा हळूहळू चढतात, बसायला ओटे असतात. जुन्या किल्ल्याचा दगडी दरवाजा अजून उभा आहे, तिथं दम घ्या. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या तेरा सरकारांपैकी एक पवनारचं होतं, सरकार म्हणजे तेव्हाचा जिल्हा समजा. आज गाव वर्धा जिल्ह्यात, आणि दरवाज्यातून ट्रॅक्टर जातो की नाही यावर गप्पा!

त्याच्याही मागं जायचं तर वाकाटक, विदर्भातलं जुनं राजघराणं. त्या मूर्त्या साधारण पाचव्या शतकातल्या, रामायणातले प्रसंग आहेत, शिवाय गंगा आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानं राजधानी नंदिवर्धनहून, म्हणजे आपल्या रामटेकजवळच्या नगरधनहून, प्रवरपूरला नेली, आणि ते प्रवरपूर म्हणजेच पवनार असं इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. नंतर रामटेकजवळच मनसरला मोठं उत्खनन झालं आणि बरेच अभ्यासक आता प्रवरपूर तिकडं नेतात. माझं मत विचाराल तर राजधानी कुणाचीही असो, मूर्त्या तर इथंच निघाल्या ना.

मग नदीकडं उतरा. १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या काही अस्थी इथं विसर्जित केल्या, त्या तारखेला दरवर्षी मेळा भरतो. १७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण विनोबांनी पवनारलाच दिलं, आणि १९५१ च्या सप्टेंबरात नेहरूंनी दिल्लीला बोलावलं तेव्हा विनोबा इथूनच पायी निघाले. आपण दीड-दोन तासांच्या चालीचं कौतुक करतो!

आश्रम शेवटी. १९५९ पासून हे ब्रह्मविद्या मंदिर आहे, तिथं राहणाऱ्या साधक बहिणी चालवतात, शेती, स्वयंपाक, छपाई सगळं स्वतः. हळू बोला, फोन सायलेंटवर, आणि मूर्त्यांना हात लावत बसू नका. थंडीत सकाळी जा, आठच्या आधी सुरुवात केली तर उत्तम, मार्चनंतर ऊन झेपणार नाही आणि पावसाळ्यात खडकांवर शेवाळ असतं तेव्हा पाण्यात उतरायचं नावच काढू नका. परतताना वर्ध्यात गोरसपाक, म्हणजे इथली प्रसिद्ध गोड बिस्किटं, घ्यायला विसरलात तर घरचे विचारतील.

आणि एक. वाटेत खापरं दिसतील, उचलू नका. मागच्या डिसेंबरात आईनं एक काळं-तांबडं खापर चुपचाप पदराच्या टोकाला बांधलं होतं, आश्रमाच्या पायऱ्यांशी माझ्या लक्षात आलं, परत गावात जाऊन होतं तिथं ठेवायला लावलं. तिनं ठेवलं, पण घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.