ओउलूचं चॅनल आणि ऐरोलीची टपरी

ओउलूच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मला काही विचारायचं असेल तर तो मान वळवत नाही, टाइप करतो. हात लांब केला तर त्याच्या कॉफीच्या मगला लागेल एवढंच अंतर आहे आमच्यात. तरी प्रश्न येतो तो स्क्रीनवर, आणि तोही मला एकटीला नाही, अख्ख्या टीमच्या चॅनलवर. सुरुवातीला मला वाटायचं, याला माझं काही लागलं की काय? आईला हे सांगितलं तेव्हा तिने तेच विचारलं, "अगं, भांडलात का तुम्ही?" कोणी भांडलेलं नाही. इथे असंच चालतं.

ओउलू हे फिनलंडमधलं, हेलसिंकीच्या उत्तरेला साधारण ६०० किलोमीटरवरचं, दोन लाखांवर वस्तीचं शहर. नोकियामुळे इथे टेलिकॉमचं काम वाढलं आणि आमच्यासारखी ठाण्याच्या नौपाड्यात वाढलेली माणसंही त्या वाऱ्याने इथवर आली. आमची अर्धी टीम इथे आणि अर्धी नवी मुंबईतल्या ऐरोलीत, ठाणे-बेलापूर रोडला. दोन्हीकडच्या माणसांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच, ते चॅट.

आज आपण स्लॅक किंवा टीम्ससारख्या ऑफिसच्या चॅट ॲपवर 'चॅनल' म्हणतो, त्याची एक मूळ शाखा याच गावातली आहे, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. १९८८ च्या ऑगस्टमध्ये ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी नावाची चॅटची व्यवस्था लिहिली. चॅनलच्या नावाआधी हॅशचं चिन्ह लावायची सवय आपल्याला तिथून आली. १९९१ मध्ये मॉस्कोत सत्ता उलथवायचा प्रयत्न झाला आणि बातम्यांचे मार्ग बंद झाले, तेव्हा लोक याच आयआरसीवरून आतल्या बातम्या बाहेर पाठवत होते. पुढे स्ट्युअर्ट बटरफील्ड यांच्या कंपनीने एक ऑनलाइन गेम काढला, तो चालला नाही, २०१२ मध्ये बंद झाला. पण तो बनवताना वेगवेगळ्या शहरांतल्या माणसांनी आपापसांत बोलायला आयआरसीचाच टेकू घेऊन एक साधन उभं केलं होतं. गेम गेला, साधन उरलं. ते स्लॅक म्हणून २०१३ मध्ये जाहीर झालं आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. मायक्रोसॉफ्टचं टीम्स आलं २०१७ मध्ये.

ओइकारिनेन यांच्या डोक्यात काय होतं ते त्यांनाच ठाऊक, पण फिनिश माणसाच्या स्वभावाला ही वस्तू अगदी मापाने शिवल्यासारखी बसते. लिफ्टमध्ये चकार शब्द न काढणारा माणूस चॅनलवर चार परिच्छेद लिहितो. काय करून पाहिलं, कुठे अडलं, कुठली ओळ संशयास्पद वाटते, सगळं. त्याखाली थ्रेड सुरू होतो, तासाभराने कोणीतरी उत्तर देतं, मूळ माणूस त्यावर टिकमार्क लावतो आणि विषय संपतो. तोंडातून आवाज नाही. आणि हे वीस वर्षं अनुभव असलेले लोकही करतात. आमचा आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरची एकूण रचना ठरवणारा माणूस, दर आठवड्याला असा एखादा प्रश्न उघड्यावर विचारतो, की ऐरोलीत तो विचारायला नवीन पोरगं दहा वेळा विचार करेल.

ऐरोलीकडून मात्र शांतता. सकाळभर काही नाही, मग संध्याकाळी एकदम एक ओळ, "झालं, टाकलं." काय झालं, कसं ठरलं, कोणी ठरवलं, पत्ता नाही. ओउलूचे लोक मला हळूच विचारायचे, तिकडे सगळं ठीक आहे ना? त्यांच्या हिशेबाने चॅनल गप्प म्हणजे टीम अडलेली किंवा रुसलेली.

गणपतीला घरी आले होते तेव्हा सुट्टीला जोडून काही आठवडे ऐरोलीच्या ऑफिसातूनच काम करायची परवानगी मिळाली. ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बरची लोकल, मधे ते नवीन दिघा गाव, की आलंच ऐरोली. ऑफिसात शिरले आणि पहिल्या तासात कळलं की आमची टीम गप्प वगैरे अजिबात नाही. कानठळ्या बसतील इतकं बोलते. "अरे, हे बघ ना जरा, हे का पडतंय?" असं म्हणत एक जण चाकाची खुर्ची ढकलत पलीकडे जातो. एका मॉनिटरपुढे तीन डोकी जमतात. दीड मिनिटात उत्तर मिळतं, खुर्ची परत जागेवर. ओउलूत हाच प्रश्न सकाळी नऊला पडला असता तर जेवण होईपर्यंत लटकला असता, आणि तिथे तर जेवण अकरालाच सुरू होतं.

खरे निर्णय तर त्याहून पुढे होतात. चारच्या सुमारास सगळे खाली टपरीवर उतरतात. कटिंग हातात आली की आमची टेस्टिंगची लीड म्हणते, "तो डेटाबेसचा बदल या वेळी नको, पुढच्याला टाकूया." कोणी म्हणतं, "मग क्लायंटला काय सांगायचं?" "ते मी बघते." झालं, ठरलं. वर येऊन प्रत्येक जण आपापल्या कामाला. चॅनलवर अक्षर नाही, कारण ज्यांना कळायला हवं होतं ते सगळे टपरीवर होतेच की. ओउलूचे सोडून.

याची किंमत आम्ही आधीच मोजली होती. एका सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याची ओळख पटवणारी मुदतीची फाइल, संपलं आणि लॉगिन बंद पडलं. ऐरोलीतल्या दोघांनी खुर्च्या जोडून तासाभरात नवीन बसवलं. सर्टिफिकेट एक वर्षाचं. वर्षाने ते पुन्हा संपलं ते नेमकं दिवाळीत, ऐरोलीचं ऑफिस बंद, ज्याने आधी बसवलं होतं तो गावाला, फोनला रेंज नाही. ओउलूच्या लोकांनी चॅनलवर शोधलं तर मागच्या वर्षीचं उत्तर सापडलं. 'सॉर्टेड' एवढंच होतं ते, पुढे अंगठा. ज्याला फाइल कुठे ठेवायची आणि कुठली सर्व्हिस पुन्हा चालू करायची हे माहीत असतं त्याचं तासाभराचं काम, ते त्यांना पूर्ण दिवस पुरलं.

टपरीच्या लोकांना मी दोष देत नाही, आणि ओउलूसारखं व्हा असंही म्हणत नाही. ओउलूत नव्याने लागलेल्या माणसाला पहिले कित्येक दिवस कोणाचा आवाजसुद्धा धड ऐकू येत नाही. ऐरोलीत पहिल्याच दिवशी डबा वाटून खातात. मला चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. समोरासमोर बोलण्याचा फायदा फक्त समोर असलेल्याला मिळतो. घोडबंदर रोडवरून घरून काम करणारी बाई त्या दिवशी ओउलूइतकीच लांब असते. रजेवरून परत आलेलीलाही काय ठरलं ते कोणी सांगत नाही, कारण सांगायचं असतं हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

हे मी म्हणते तेव्हा ऐरोलीत सगळे माना डोलवतात आणि काही बदलत नाही. बदललं एकदाच, तेही पावसाने. एका सकाळी धो धो कोसळला, रुळांवर पाणी, गाड्या बंद, ऑफिसने सांगितलं घरूनच करा. त्या दिवशी ऐरोलीचं चॅनल असं वाहिलं की विचारू नका. प्रश्न, उत्तरं, स्क्रीनशॉट, "मी हे घेतलंय, तू ते घे." टपरी नव्हती, खुर्ची ढकलायला शेजारी नव्हता, मग लिहिण्यावाचून इलाज काय? दुपारी ओउलूहून आर्किटेक्टचा मला मेसेज आला, आज तुमच्याकडे काय विशेष? म्हटलं, पूर.

पण एक गाठ पावसानेही सुटत नाही. आमच्याकडे एक नवीन मुलगा लागलाय, हुशार. तो मला खासगीत मेसेज करतो, "हाय मॅम." आणि थांबतो. मी "बोल" म्हणेपर्यंत पुढे काही नाही. मी त्याच्यापासून चार टेबलं लांब बसले होते तेव्हासुद्धा हेच! शेवटी त्याला म्हटलं, अरे, चॅनलवर विचार ना, मला नाही माहीत तर दुसरा कोणी सांगेल.

"चॅनलवर सर असतात, मॅम."

"मग?"

"मग त्यांना कळेल ना, मला हे येत नाही ते."

मी त्याला आमच्या आर्किटेक्टचे उघड्यावर विचारलेले प्रश्न दाखवले. त्याने शांतपणे वाचले आणि म्हणाला, "त्यांचं ठीक आहे मॅम, त्यांना अप्रेजलचं टेन्शन नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत चुकीचं उत्तर दिलं की वर्ग हसायचा, हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याला 'सगळे प्रश्न चॅनलवर विचारा' असं धोरण पाठवून काय होणार? आता मी एवढंच करते, त्याच्या खासगी प्रश्नाचं उत्तर त्याचं नाव न घेता चॅनलवर टाकते: "हे कोणालाही लागेल म्हणून." दोन-तीनदा असं झाल्यावर बाकीच्यांनी खाली लिहिलं, "बरं झालं, मलाही हे हवं होतं." त्याने ते वाचलेलं असतं, मला माहीत आहे.

व्हॉट्सॲपचा ग्रुप आहेच. पाऊस, लोकल, टपरीला कोण येतंय, याला तो उत्तम. पण कामाचं त्यात झिरपतं, आणि ते बोलणं ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहतं, चॅनलवर येत नाही. तेवढं तरी थांबवा, अशी माझी हात जोडून विनंती असते.

आणि ते 'ॲट चॅनल'! मेसेजात ते लिहिलं की चॅनलमधल्या सगळ्यांनाच सूचना जाते. हिवाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, फिनलंडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे सरकली की अडीच. ऐरोलीत कोणी साडेनवाला उत्साहाने सगळ्यांना हाक मारली की इथे डिसेंबरच्या काळोखात सकाळी सहाला उशीजवळचा फोन वाजू शकतो. फक्त ऑनलाइन असलेल्यांना हाक मारायची तर 'ॲट हिअर' आहे, आणि मेसेज नंतरच्या वेळेला लावून ठेवायचीही सोय आहे.

मी ऐरोलीहून निघण्याआधी टेस्टिंगच्या लीडने एक नियम काढला, तो माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा बरा निघाला. टपरीवर त्या दिवशी ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांच्यातल्या एकाने वर आल्यावर चॅनलवर दोन ओळी लिहायच्या. काय ठरलं आणि का ठरलं. तिसरी ओळ नको, कारण तिसऱ्या ओळीची सक्ती केली की लोक पहिलीही लिहीत नाहीत. कोणीतरी मोदकाचा इमोजी बनवून चढवला होता, तो या नोंदींवर वाचल्याची खूण म्हणून लागू लागला. ओउलूत मोदक काय असतो ते कोणाला माहीत नाही, पण रोज लावतात. एवीतेवी या देशाने २०१५ मध्ये सौनाचा आणि जुन्या नोकिया फोनचा इमोजी सरकारी खर्चाने काढलेला आहे, त्यांना मोदकाचं काय नवल.

जुलैत मात्र ओउलू रिकामं होतं. चार-चार आठवड्यांची सुट्टी, चॅटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे सुट्टीची खूण म्हणून ताडाच्या झाडाचा इमोजी, चॅनलवर चिटपाखरू नाही. त्या नवीन मुलाने लीडला विचारलं, "ताई, आता ते वाचायलाच नाहीत, तर कशाला लिहायचं?"

ती म्हणाली, "एक ऑगस्टला सगळे परत येतील आणि काय काय झालं ते तुलाच विचारतील. तोंडी सांगत बसायचंय का? लिही."