तुम्ही विचारलंत म्हणून: टर्बो गाडीचा खरा आकडा कुठला?

"दादा, डायनोच्या शीटवर दोन आकडे आलेत, करेक्टेड आणि अनकरेक्टेड, खरी पॉवर कुठली धरू?" होटगी रोडला चहाला थांबलो तरी पोरं मोबाईलवर ग्राफ काढून हेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहितो. (डायनो म्हणजे गाडी वर चढवून चाकावरची पॉवर मोजायचं मशीन.)

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, असेल तर अनकरेक्टेड, म्हणजे मशीननं मोजला तसाच आकडा धरा.

करेक्शन म्हणजे काय, तर गरम आणि विरळ हवेत इंजिनला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून 25 डिग्रीला आणि 990 मिलीबार कोरड्या हवेत त्यानं किती पॉवर दिली असती ते फॉर्म्युल्यानं काढायचं. एसएई जे1349 हे पॉवर मोजण्याचं स्टँडर्ड तेच करतं, आणि बिनटर्बोच्या गाडीला ते बऱ्यापैकी लागू पडतं.

आता आपलं सोलापूर बघा, साडेचारशे मीटर उंची, हवेचा दाब 960 च्या आसपास, त्यातून बाष्पाचा वजा केला की समजा 945 उरला, वर मे महिन्यातली 42 डिग्रीची दुपार, हे सगळं फॉर्म्युल्यात घातलं की गुणायचा फॅक्टर 1.09 येतो, म्हणजे चाकावर 100 आले तर शीटवर 109. आणि या 9 टक्क्यांतले साडेपाच नुसते दाबाचे.

पण दाबाची तूट टर्बोनं आधीच भरून काढलेली असते ना! आजकालच्या गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, मॅनिफोल्डमधलं (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातलं) ॲब्सोल्यूट प्रेशर, म्हणजे हवेचा एकूण दाब बघतो, त्याला समजा 200 केपीए (2000 मिलीबार) पाहिजे म्हणजे पाहिजे, समुद्रकाठी हवा 1.97 पट दाबून जे मिळतं त्यासाठी इथं 2.08 पट दाबावी लागते, मग तो वेस्टगेट, म्हणजे टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप, जरा जास्त बंद ठेवतो आणि टर्बोला जास्त पळवतो. म्हणजे जे कमी झालंच नाही ते फॉर्म्युला वरून जोडतो. हां, वेस्टगेट पूर्ण बंद होऊनही बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला दाब, पुरत नसेल तर मात्र पॉवर खरंच पडते.

उष्णतेचं वेगळं आहे, ती टर्बोलाही लागतेच, पण किती ते इंटरकूलरवर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि ईसीयू ठिणगीचं टायमिंग किती मागे घेतो त्यावर, दर गाडीला वेगळं. आयएसओ 1585 या तसल्याच दुसऱ्या स्टँडर्डमध्ये तर पेट्रोल इंजिनला फॅक्टर 0.93 ते 1.07 च्या बाहेर गेला की टेस्टच धरत नाहीत, मग आपला 1.09 कुठं बसवणार?

एका ठिकाणी मित्राच्या गाडीचं डायनोवर रन चालू होतं, हवामानाचा सेन्सर, ज्याचं तापमान फॉर्म्युल्यात जातं, बोनेटच्या कडेला वायरनं लोंबत होता, रेडिएटरची गरम हवा थेट त्याच्यावर. स्क्रीनवर 53, बाहेर सावलीत 41. मी तो उचलून मोकळ्या हवेत धरला तर करेक्शन जवळजवळ अडीच टक्क्यांनी उतरलं, इंजिनला कुणी हातही लावला नव्हता. रिमॅपचे, म्हणजे पॉवर वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्याचे, पैसे मोजलेल्या पोराला तो अडीच टक्के फायदा म्हणून दाखवला तर मला फार वाईट वाटतं.

म्हणून रिमॅपच्या आधीचं आणि नंतरचं रन एकाच डायनोवर, एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये काढा, आणि मला ग्राफ पाठवताना बूस्ट आणि इनटेक टेंपरेचरचा लॉग पण पाठवा, नुसता पॉवरचा आकडा नको.