तुम्ही विचारलंत म्हणून: जे बदलतच नाही, त्याचा अभ्यास कशाला?

उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि शेवटी जसाच्या तसा उरतो, हे शाळेत सर्वांनीच शिकलेले असते. त्यामुळे मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक असून उत्प्रेरणावर संशोधन करतो असे सांगितले की, ‘जे बदलतच नाही त्याचा इतकी वर्षे अभ्यास तरी काय करता?’ असे हमखास विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. ती व्याख्या एका आवर्तनापुरती खरी आहे. रेणू पृष्ठभागाला चिकटतो, जुने बंध तुटून नवे जुळतात, तयार झालेला पदार्थ निघून जातो आणि जागा पुन्हा मोकळी होते. हेच आवर्तन अखंड चालू राहिले की उत्प्रेरक हळूहळू बदलू लागतो, आणि माझे संशोधन त्या बदलाविषयीच आहे.

अमोनियाच्या निर्मितीत सर्वांत संथ टप्पा असतो तो नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडण्याचा. लोखंडाच्या पृष्ठभागावर तो कसा तुटतो, हे गेरहार्ड एर्टल यांनी दाखवले. त्यांना 2007 चे नोबेल मिळाले. मात्र त्याच्या कितीतरी आधी रसायनशास्त्रज्ञ आल्विन मिटाश यांच्या गटाने हजारो नमुने तपासून अमोनियासाठी उत्प्रेरक म्हणून जे मिश्रण निवडले, त्यात लोखंडासोबत थोडे ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि पोटॅशियमही होते. पोटॅशियम बंध तोडायला मदत करते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे मुख्य काम मात्र चारशे-पाचशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेत लोखंडाचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ नयेत, हे पाहण्याचे. म्हणजे उत्प्रेरक ‘जसाच्या तसा’ राहावा यासाठी त्याच्या घडणीतच तजवीज करावी लागली. मला ही गोष्ट त्या शोधाइतकीच थोर वाटते.

खनिज तेलाच्या भंजनात, म्हणजे त्यातले मोठे रेणू तोडून लहान करण्याच्या प्रक्रियेत, याच्या उलट घडते. तिथे उत्प्रेरकावर काही सेकंदांतच कार्बनचा थर चढतो. तो हवेत जाळून काढतात आणि त्या ज्वलनाची उष्णता पुन्हा भंजनासाठीच वापरतात.

ऑक्साइडच्या आधारावर बसवलेले धातूचे सूक्ष्म कण का निकामी होतात, हे आम्ही प्रयोगशाळेत शोधतो. कण मोठे झाले, गंधकाने पृष्ठभाग व्यापला की त्यावर कार्बन साचला, हे वेगळे करून सांगणे कठीण असते, कारण बाहेरून तिन्हींचा परिणाम एकच दिसतो: वेग घटतो. त्यातही एक फसवी स्थिती आहे. उत्प्रेरक गरजेपेक्षा जास्त भरलेला असेल, तर त्याचा बराच भाग निकामी होऊनही रूपांतर, म्हणजे मूळ पदार्थाचा अभिक्रियेत बदललेला हिस्सा, शंभर टक्केच दिसत राहते आणि आलेखावरची सपाट रेघ टिकाऊपणाचा पुरावा म्हणून मांडली जाते. म्हणून कोणी नवा, टिकाऊ उत्प्रेरक सापडल्याचे सांगितले, की रूपांतर मुद्दाम कमी ठेवून घेतलेले, दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगाचे आकडे मी आधी मागतो. माझ्या विद्यार्थ्यांनाही त्याशिवाय निबंध पाठवू देत नाही.