तुम्ही विचारलंत म्हणून: काकाओ, सूप आणि रवी

“ताई, ते सेरेमोनियल काकाओ घरी कसं करायचं? म्हणजे आपली कोको पावडरच ना? आणि पिऊन खरंच काही होतं का?” योगवर्गातल्या मैत्रिणीपासून भाचीच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी मला हे तीन प्रश्न विचारून झालेत, आणि तेही बहुतेक एका दमात. माझी पात्रता म्हणाल तर एवढीच, की स्पॅनिश शिकायच्या निमित्तानं मी तीन महिने मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालात राहून आले. केत्साल्तेनांगो नावाच्या डोंगराळ गावात. तिथले लोक त्याला नुसतं ‘शेला’ म्हणतात.

मधला प्रश्न आधी उरकते. कोको पावडर नव्हे. काकाओ म्हणजे ज्याच्या बियांपासून चॉकलेट होतं ते झाड, आणि त्याच्या बीत निम्म्याच्या आसपास तूपच (कोको बटर) असतं. १८२८ मध्ये व्हान हाउटेन या डच घराण्यानं ते दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तूप काढल्यावर उरलेली पेंड दळली की झाली कोको पावडर. शेंगदाण्यात आणि शेंगदाण्याच्या पेंडीत जो फरक, तोच इथे. आपल्याला हवा तो सबंध दाणा, भाजून वाटलेला, तुपासकट.

आता ‘सेरेमोनियल’, म्हणजे विधीसाठीचं. हा शब्द पाकिटावर छापायला कुठलीही परीक्षा पास व्हावी लागत नाही, ॲगमार्कसारखं काही नाही. गेल्या वीसेक वर्षांत ग्वातेमालातल्या आतित्लान सरोवराकाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांमध्ये तो रुळला आणि तिथून योगवर्गांमार्फत जगभर गेला. काकाओचे खरे विधी तिथे आहेतच, आणि ते फार जुने आहेत. आल्ता व्हेरापास भागातले केक्ची लोक (तिथल्या मूळच्या माया लोकांपैकी एक समाज) मका पेरायच्या आदल्या रात्री जागरण करतात, कोपालचा धूप जाळतात आणि काकाओ पितात. पण तो विधी मक्याचा, त्या शेताचा, त्या माणसांचा. बाजारातून तुळस आणली म्हणून तुळशीचं लग्न लागत नाही ना, तसंच हे. म्हणून मी घरी करते ते पेय. सोहळा करत नाही.

मी ते शिकले जिच्या घरी राहत होते त्या आजींकडून. त्यांच्याकडे तीन पायांचा, पुढे उतरता असा वाटायचा दगड होता. आपला पाटा जमिनीला टेकून सपाट असतो. हा घसरगुंडीसारखा, आणि वरवंटा दोन्ही हातांनी धरायचा, लाटण्यासारखा लांब. आजी गुडघ्यांवर बसायच्या आणि दगडाखाली निखारे सारायच्या. मला वाटलं, थंडी आहे म्हणून. नव्हे. दगड कोमट झाला की दाण्यातलं तूप सुटतं. आधी भरड, मग ओलसर माती, मग अचानक तो गोळा चकाकायला लागतो आणि दगडाच्या टोकावरून संथ ओघळतो. पाण्याचा एक थेंब न घालता! तोंड उघडं टाकून बघत होते मी. आजींनी त्यातच साखर आणि दालचिनी वाटली. दालचिनी तर आपल्या बाजूची, स्पॅनिश लोकांनी तिकडे नेली. आणि मिरची त्यांची, ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. फिट्टंफाट.

पण आजींचा खरा जीव फेसात. मातीच्या उभट भांड्यात गरम पाणी नि वाटलेला काकाओ घालून त्या लाकडी मोलिनियो दोन तळहातांत धरून घुसळायच्या. मी हसायलाच लागले, कारण ती आमच्या घरची ताकाची रवी होती हो, फक्त नक्षीदार. रवी तिकडे स्पॅनिश काळात आली म्हणतात. त्याआधी फेस यायचा उंचावरून ओतून. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात आठव्या शतकाच्या आसपासचं एक माया भांडं आहे, त्यावर एक बाई उभी राहून असंच ओतताना रंगवली आहे. चहावाल्याची धार आठवा.

आणि हे दाणे म्हणजे नाणीही होती. मेक्सिकोतल्या त्लाश्कालामधली १५४५ सालची एक भावयादी सापडली आहे. तिच्यात टर्कीची मादी १०० दाण्यांना. पैसा आला की बनावटही आलीच. रिकाम्या टरफलात राजगिऱ्याचं पीठ भरून खोटे दाणे खपवणारे विक्रेते होते, असं सोळाव्या शतकातल्या सहागुन या स्पॅनिश पाद्र्यानं लिहून ठेवलंय. राजगिरा! उपासाचा पदार्थ आणि त्याचा हा उद्योग.

तर घरची रीत. आपल्याकडे काकाओ दक्षिणेत नारळ-पोफळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून होतो. मी इडुक्कीकडचे दाणे मागवते. घेताना एकच विचारा: आंबवलेले आहेत का? मी पहिल्यांदा विचारलं नाही. कापून बघितला तर आत जांभळा, आणि चव अशी तुरट की जीभ टाळूला चिकटली. फळातून काढल्यावर दाणे पाच-सात दिवस गरासकट आंबवावे लागतात. त्यातूनच पुढे चॉकलेटचा वास तयार होतो. ते दोन किलो मी शेवटी कुंडीत घातले.

चांगले दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, हात न थांबवता. शेंगदाण्यासारखे तडतडतात, वास आधी आंबूस व्हिनेगरचा, मग एकदम चॉकलेटचा, तिथे थांबायचं. गार करून चोळायचे आणि सुपात पाखडायचे. इथे तुम्ही कुठल्याही परदेशी व्हिडिओतल्या हेअर ड्रायरवाल्यापेक्षा पुढे आहात. पाव किलोचे १९० ग्रॅमच्या आसपास उरतात. पाट्यावर वाटायला वेळ आणि खांदे लागतात, म्हणून मी मिक्सर वापरते, थांबत थांबत. तीळ जास्त फिरवले की तेल सुटतं तसंच होतं. भांड्याला पाण्याचा अंश राहिला तर मात्र गोळा आवळून बसतो, मग मिक्सर रडतो. पातळ झालेलं ताटलीत ओतून २५ ग्रॅमच्या वड्या पाडायच्या.

एका कपाला एक वडी. पाणी उकळून चार मिनिटं तसंच ठेवा. वडी किसून आधी थोड्या पाण्यात कालवा, मग सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे मिली. चिमूट मीठ, दालचिनी, अर्धी सुकी मिरची, हवा तर गूळ. दूध नको, निदान पहिल्यांदा तरी. मग स्टीलच्या उभ्या गंजात रवी. दोन मिनिटांत तपकिरी फेस चढतो. तुपाचे बारीक थेंब वर तरंगले तर घाबरू नका, तेच तर आपण राखलंय.

होतं का काही? होतं. त्यात थिओब्रोमिन असतं, कॅफीनचा सौम्य चुलतभाऊ, आणि थोडं कॅफीनही. अंगात ऊब येते, जरा हुशारी वाटते. ‘हृदय उघडतं’ म्हणतात त्याबद्दल मला विचारू नका. माझं एकदा नुसतं धडधडलं होतं. रात्री नऊ वाजता दोन वड्यांचा कप घेतला आणि अडीच वाजता कपाट आवरत होते. हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील (विशेषतः एमएओआय गटातली), तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि कुत्र्याला चाटूही देऊ नका; त्याला थिओब्रोमिन विषासारखं आहे.

टरफलं टाकू नका, उकळून गाळली की हलका चहा होतो. सूप माझ्याकडे नाही, शेजारच्या काकूंचं आणते. त्यांना काकाओ कडू लागतो, पण सूप रिकामं परत द्यायचं नाही म्हणून मी दोन वड्या ठेवतेच, आणि त्या दर वेळी विचारतात, “साखर घातलीस का गं या खेपेला?”