तुम्ही विचारलंत म्हणून : मृतांच्या आकड्यापलीकडचा धोका

पुण्यात मी राष्ट्रीय सुरक्षा हा विषय शिकवतो आणि जाहीर व्याख्यान असले की श्रोत्यांपैकी कोणीतरी एक प्रश्न हमखास विचारतो. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यापुढे दहशतवादाचे बळी फार थोडे आहेत, मग त्याला राष्ट्रीय सुरक्षेचा एवढा मोठा धोका का मानायचे? प्रश्न रास्त आहे, आणि रस्त्यांवरच्या मृत्यूंबद्दलची आपली बेफिकिरी मलाही असह्य वाटते.

परंतु अपघातामागे कोणाचा हेतू नसतो. १३ फेब्रुवारी २०१० रोजी, शनिवारी संध्याकाळी, कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत पिशवीत ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि १७ जणांचा जीव गेला. शिकायला-नोकरीला आलेले तरुण आणि ओशो आश्रमात येणारे परदेशी पाहुणे जिथे शेजारी शेजारी बसत, नेमकी ती जागा निवडली गेली होती. पारंपरिक युद्धात शत्रूचे सैन्य दिसते, सीमा ठरलेली असते आणि शेवटी तह करायला समोर कोणी असते. इथे यांपैकी काहीच नसते, आणि खर्चही फारसा येत नाही. १ ऑगस्ट २०१२ च्या जंगली महाराज रस्त्यावरील कमी तीव्रतेच्या साखळी स्फोटांत कोणी दगावले नाही, तरी साऱ्या शहराच्या मनात धास्ती बसली.

विकासाची हानी इथूनच सुरू होते, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ २६ जणांना ठार मारण्यात आले. त्यांत पुण्याचे दोघे होते आणि पर्यटकांना घोड्यावरून नेणारा एक स्थानिक तरुणही होता. त्यानंतर सहली रद्द झाल्या, काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे बंद ठेवावी लागली आणि घोडेवाल्यांपासून शिकारेवाल्यांपर्यंत कित्येकांचा ऐन हंगाम बुडाला. त्याच सुमारास माझा एक काश्मिरी विद्यार्थी खोली शोधत होता. भाडे ठरले होते, अनामत रक्कमही त्याने सोबत आणली होती. घरमालकांनी भाडेकरू पडताळणीचा अर्ज हातात घेतला, कायमच्या पत्त्याच्या रकान्यापर्यंत वाचला आणि खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे असे सांगून परत दिला. ते गृहस्थ दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. पण जे शहर बाहेरगावच्या मुलांच्या शिक्षणावर वाढले, जिथे ‘सरहद’सारख्या संस्थेने काश्मिरी मुलांना मुद्दाम शिकायला आणले, त्या शहरात अशी दारे मिटू लागली तर हल्लेखोरांना हवी असलेली फूट आपणच पाडून देतो. मृतांच्या कोणत्याही तक्त्यात हे नुकसान दिसत नाही.

म्हणजे सावधगिरी सोडायची असे मी म्हणत नाही. २६/११ ला समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी मुंबईत १६६ जणांचा बळी घेतला; त्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी राहिली आणि एनएसजी या दहशतवादविरोधी कमांडो दलाची केंद्रे दिल्लीबाहेर आली, हे आवश्यकच होते. जिवंत पकडलेल्या अजमल कसाबलाही वकील मिळाला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला, दयेचा अर्ज विचारात घेतला गेला आणि मगच २१ नोव्हेंबर २०१२ रोजी आपल्या येरवडा कारागृहात त्याला फाशी झाली. संशय आणि पुरावा यांतला फरक राज्यव्यवस्थेने इतक्या संतापाच्या काळातही सांभाळला, याचा मला अभिमान वाटतो.

तोच फरक नागरिकांनीही सांभाळावा, एवढीच माझी विनंती आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना अवश्य द्यावी. पडताळणी हे पोलिसांचे काम आहे आणि ते त्यांना करू द्यावे. मात्र केवळ गावाचे नाव वाचून कोणाला खोली नाकारू नये.